समुद्र गोठतो तेव्हा: पूर्णाकाठच्या गावाने विचारलेले प्रश्न

आमच्या गावचा एक मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. जानेवारीत त्याने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिनलंडच्या आखातातून चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. समोर नजर जाईल तिथवर पांढरं शेत आणि मध्ये पुढच्या जहाजाने पाडलेलं काळं तास. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. त्या दिवसापासून शाळेत, पारावर, पानठेल्यावर मला दुसरा विषय नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवतो, म्हणून सगळे प्रश्न माझ्याकडे. तेच तेच दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवतो. काही प्रश्न विचारले त्याच बोलीत ठेवलेत. मुलाच्या वडिलांना सगळं गाव काकाजी म्हणतं. सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचे आहेत.

समुद्र त खारा राह्यते न मास्तर, मंग गोठते कसा?

गोठतो, फक्त उशिरा गोठतो. गोडं पाणी शून्य अंशाला गोठतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते साधारण उणे १.८ अंशाला गोठतं. क्षार जितके कमी, तितका हा आकडा शून्याच्या जवळ. आपला मुलगा आहे ते फिनलंडचं आखात बाल्टिक समुद्राचा फाटा आहे. तिथे नद्यांचं पाणी इतकं येतं की क्षार किलोमागे पाच-सहा ग्रॅमच उरतात. ते पाणी शून्याच्या खाली पाव-अर्धा अंश गेलं की गोठायला लागतं.

मग थंडी पडली की तळ्यासारखाच वरून गोठत असेल?

इथे खरी गंमत आहे. गोडं पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं. तळं थंड होताना वरचं जड पाणी खाली बसतं, पण ४ अंशाच्या खाली गेलं की ते उलट हलकं होऊन वरच तरंगतं आणि तिथेच गोठतं. खालच्या माशांना चार अंशाचं पाणी मिळतं, म्हणून ते जगतात.

समुद्राच्या पुऱ्या खाऱ्या पाण्याचं असं नाही. क्षार किलोमागे सुमारे २५ ग्रॅमच्या वर असले की पाणी गोठणबिंदूपर्यंत जडच होत जातं. वरचं थंड झालं की बुडतं, खालचं ऊबदार वर येतं, ते थंड होतं, तेही बुडतं. सगळी कढई ढवळत राहते. म्हणून खोल, खारा समुद्र नुसत्या एका थंड रात्रीने गोठत नाही. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात मात्र सायबेरियाच्या आणि कॅनडाच्या मोठ्या नद्या गोडं पाणी ओततात. हे कमी खारं, हलकं पाणी वर पसरून राहतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे वरचा तेवढा थरच थंड करावा लागतो. उथळ समुद्राचंही तसंच: ढवळायला पाणीच कमी असतं.

गोठायला लागला की पहिल्यांदा दिसतं काय?

पाणी आधी तेलकट दिसतं. त्यात सुया आणि चकत्यांसारखे बारीक स्फटिक तरंगतात, त्यांना फ्रेझिल म्हणतात. ते दाट झाले की लाटा मंदावतात, चमक जाते, आणि समुद्राला साखरेचा पाक धरल्यासारखा दिसतो. पुढचं वाऱ्यावर अवलंबून. समुद्र शांत असला तर काळपट, लवचीक पापुद्रा होतो, तो लाटेबरोबर न फुटता वाकतो. त्याला नीलास म्हणतात, जाडी १० सेंटिमीटरपर्यंत. लाटा असल्या तर तुकडे एकमेकांवर आपटून गोल होतात आणि त्यांच्या कडा वर उचलल्या जातात. याचं नाव जगभर पॅनकेक. आमच्या सातवीच्या मुलींनी फोटो पाहून त्याचं नाव 'धिरडी' ठेवलं, आणि वर्गात आता तेच चालतं.

बर्फ गोठला तर त्यातलं मीठ जाते कुठी?

याचं उत्तर मला पुस्तकाआधी बर्फाच्या कारखान्यात मिळालं. माझे मामा तालुक्याच्या गावी अशा कारखान्यात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे बसून राहायचो, कारण अख्ख्या तालुक्यात तेवढीच एक थंड जागा. जमिनीत मोठा हौद, त्यात मिठाचं पाणी उणे आठ-दहा अंशांपर्यंत थंड केलेलं, आणि त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उभे डबे बुडवलेले. हौदातलं खारं पाणी गोठायचं नाही, डब्यातलं गोडं पाणी दिवस-दीड दिवसात लादी होऊन बसायचं. साखळीने डबा वर ओढला, बाहेरून पाणी सोडलं की लादी सटकन फरशीवर यायची. मग मामा तिला लोखंडी आकड्याने ओढायचे.

ती लादी नीट पाहा. कडेला काचेसारखी आणि मधोमध पांढरी धूसर पट्टी. बर्फ डब्याच्या भिंतीकडून आत वाढत जातो आणि वाढताना पाण्यात विरघळलेलं सगळं, क्षार असोत की हवा, पुढे ढकलत जातो. बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागाच नसते. शेवटी सगळा कचरा मध्यभागी कोंडतो. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याची लादी तर मधोमध दुधासारखी दिसायची.

समुद्रात हेच होतं, फक्त वरून खाली. बर्फ खाली वाढतो, मीठ पाण्यात टाकतो. काही खारं पाणी बर्फाच्या बारीक पोकळ्यांत अडकतं आणि हळूहळू झिरपत खाली जातं. म्हणून नवा समुद्री बर्फ जरा खारट आणि गोड्या बर्फापेक्षा मऊ असतो. खाली पडलेलं ते थंड, खारट, जड पाणी तळाकडे जातं. अंटार्क्टिकाच्या काठावरून असं बुडालेलं पाणी जगभरच्या महासागरांच्या तळाशी पसरतं.

तर मग खारपाणपट्ट्यातलं पाणी असंच गोठवून गोड करता येईल का?

हा प्रश्न आमच्या गावात येणारच होता. पूर्णेच्या खोऱ्यात राहून खाऱ्या पाण्याचा विचार न करणारा माणूस सापडायचा नाही.

आम्ही शाळेत करून पाहिलं. एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे मीठ, म्हणजे जवळपास समुद्राइतकं खारं. स्टीलच्या भांड्यात घालून एका पालकांच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. चारेक तासांनी वर आणि कडेला बर्फ धरला होता, मध्ये पाणी होतं. बर्फ उचलला, गोड्या पाण्याने एकदा विसळला, दुसऱ्या वाटीत वितळवला. एका मुलीने चव घेतली, तोंड वाकडं केलं, पण म्हणाली, "सर, आधीसारखं लय खारट नाही." उरलेलं पाणी मात्र तिने थुंकून टाकलं.

ध्रुवाकडे हे काम उन्हाळे करतात. दोन-तीन उन्हाळे टिकलेल्या जुन्या बर्फातून वितळलेलं पाणी झिरपून मीठ धुऊन नेतं, आणि वरचा भाग पिण्याजोगा होतो. तिकडचे लोक जुना निळसर बर्फ ओळखून पाण्यासाठी आणतात. घरच्या फ्रीजरने मात्र आरओ मशीनचं काम होत नाही. वीज जास्त लागते, खारटपणा पूर्ण जात नाही. प्रयोग म्हणून करा, पिण्यासाठी नको.

एका हिवाळ्यात किती जाड होतो?

एक ढोबळ हिशोब आहे. हवा उणे २० अंश, वर बर्फवृष्टी नाही, असं धरलं तर पहिल्या दहा दिवसांत पाऊणएक फूट बर्फ धरतो. शंभर दिवसांत मात्र त्याच्या दहापट होत नाही, फार तर मीटरभर. कारण बर्फ स्वतःच पांघरूण होतो: खालच्या पाण्याची ऊब वर जायला जाड बर्फ अडवतो, म्हणून जितका जाड, तितका पुढे सावकाश. वर भुसभुशीत हिम पडलं तर वाढ आणखी मंदावते. लग्नसराईत बर्फाच्या लादीवर गोणपाट आणि भुसा टाकतात, तेच तत्त्व. गोणपाट काही गरम किंवा थंड नसतं, ते उष्णतेची ये-जा थांबवतं.

एका हिवाळ्याचा बर्फ उत्तर ध्रुवाकडे दोन मीटरपर्यंत जातो. जुना तीन-चार मीटर. पण हे आकडे नुसत्या गोठण्याचे. वारा बर्फाला काठाशी किंवा दुसऱ्या बर्फाशी दाबतो तेव्हा तुकडे एकमेकांवर चढतात, मोडतात, ढीग होतात. वर दिसणारा धुरा, म्हणजे बांध, माणसाच्या उंचीचा आणि खाली पाण्यात त्याच्या चार-पाचपट खोल गेलेली मुळी, असं होऊ शकतं.

'तीव्र' बर्फ कधी म्हणतात?

जाडी, पसारा, टिकण्याचे दिवस आणि ढीग, सगळं मिळून. चीनमध्ये बोहाय समुद्राच्या हिवाळ्याची हलक्यापासून तीव्रपर्यंत पाच श्रेणींत नोंद होते. नुसत्या जाडीवर जाऊ नका. ध्रुवाजवळ दोन मीटर बर्फ म्हणजे रोजचं काम. बोहायसारख्या मासेमारीच्या आणि बंदरांच्या समुद्रात अर्धा मीटरही संकट, कारण तिथे माणसं, जाळी, खांब सगळं त्याच्या वाटेत उभं असतं. माळरानावर आणि बहरातल्या संत्र्याच्या बागेत एकच गार पडली तरी पंचनामा एकाच ठिकाणी होतो.

बर्फ आपल्या जागी बसला हाय, मंग नुकसान काहून करते?

कारण तो आपल्या जागी बसत नाही. सगळ्या पानाचं मूळ हे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

काठाला चिकटलेला, न हलणारा बर्फ फारसा कुणाला त्रास देत नाही. लोक त्यावरून चालतात, भोक पाडून मासे धरतात. सुटा बर्फ मात्र वाऱ्याच्या वेगाच्या साधारण दोन टक्के वेगाने सरकतो. ऐकायला कमी वाटतं. पण ताशी ५० किलोमीटरचा वारा धरा: बर्फ तासाला एक किलोमीटर, दिवसरात्र मिळून चोवीस. शेकडो चौरस किलोमीटरचा पत्रा एका वेळी सरकतो आणि पुढे किनारा आला की दाबला जातो. त्या दाबाच्या आत सापडलेली वस्तू मग जहाज असो की खांब.

मार्च २०१० मध्ये स्वीडनजवळ बाल्टिकमध्ये जवळपास ५० जहाजं एकदम अडकली, त्यांत हजारभर माणसं असलेली प्रवासी फेरीही होती. वाऱ्याने मोकळ्या समुद्रातला बर्फ किनाऱ्याकडे लोटून घट्ट केला म्हणून. बर्फ फोडणारी आइसब्रेकर जहाजं आली, वारा फिरला, अडकलेली सुटली. काकाजींना मी हे मुद्दाम सांगितलं, कारण शेवट बरा आहे.

जहाज खरंच चिरडलं जातं का?

लाकडी जहाजं चिरडली गेली आहेत. सगळ्यात प्रसिद्ध 'एन्ड्युरन्स'. अर्नेस्ट शॅकल्टनची अंटार्क्टिक मोहीम. जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात जहाज बर्फात रुतलं. धडक नाही, वादळ नाही. दहा महिने ते बर्फासोबत वाहत राहिलं आणि बर्फ दोन्ही बाजूंनी दाबत राहिला. ऑक्टोबरमध्ये फळ्या मोडल्या तेव्हा माणसांनी जहाज सोडलं, २१ नोव्हेंबरला ते बुडालं. त्या जहाजावरची २८ माणसं पुढे कैक महिन्यांनी जिवंत परतली. जहाजाचे अवशेष मार्च २०२२ मध्ये ३,००८ मीटर खोलीवर सापडले, बरेचसे शाबूत.

त्याआधी नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने उलटा विचार केला होता. त्याने 'फ्राम' नावाचं जहाज मुद्दाम गोलसर पोटाचं बांधलं, १८९३ मध्ये स्वतःहून बर्फात अडकवलं आणि बर्फाबरोबर वाहू दिलं. आंब्याची ओली कोय चिमटीत दाबली की वर सटकते, तसं ते जहाज दाब आला की वर उचललं जायचं. १८९६ मध्ये ते सहीसलामत सुटलं.

आजची बर्फाच्या समुद्रात जाणारी जहाजं पोलादी असतात, आणि बाल्टिकमध्ये हिवाळ्यात कोणतं जहाज किती बर्फ सोसू शकतं याची श्रेणी ठरलेली असते. पुरेशी श्रेणी नसेल तर बंदराकडे जाताना आइसब्रेकरची मदत मिळत नाही. तरी पोलादी जहाजंही गेली आहेत: सोव्हिएत 'चेल्युस्किन' फेब्रुवारी १९३४ मध्ये चुकची समुद्रात बर्फाच्या दाबाने फुटून बुडालं. शंभराच्या वर माणसं बर्फावर उतरून छावणी करून राहिली आणि विमानांनी त्यांना काढलं.

समुद्रात उभे केलेले खांब, तेलाच्या विहिरी?

इथे नुकसान पैशात सगळ्यात मोठं. हिशोब करू. समुद्री बर्फ चिरडायला चौरस सेंटिमीटरमागे दहा किलो किंवा त्याहून जास्त जोर लागतो. अर्धा मीटर जाड बर्फ दोन मीटर रुंद खांबावर सरकत आला, तर भिडणारा भाग एक चौरस मीटर. म्हणजे बर्फ मोडेपर्यंत खांबाला निदान १०० टन सोसायचे. मालाने भरलेले चार दहाचाकी ट्रक आडवे रेटताहेत असं समजा. वर बर्फ मोडतो, सरतो, पुन्हा भिडतो, म्हणून खांब नुसता रेटला जात नाही, थरथरतो. थरथर त्या बांधकामाच्या स्वतःच्या लयीशी जुळली तर नटबोल्ट सैल होतात, जोड थकतात.

१९६९ च्या हिवाळ्यात बोहाय समुद्र जवळजवळ सगळा बर्फाने झाकला गेला आणि तिथला एक तेलविहिरीचा फलाट बर्फाने आडवा केला. त्यानंतर खांबांना पाण्याच्या रेषेवर शंकूसारखी गळपट्टी बसवण्याची पद्धत रुळली. उभ्या खांबावर बर्फाला चिरडावं लागतं. उतारावर तो चढतो आणि स्वतःच्या वजनाने वाकून मोडतो. बर्फ चिरडायला कठीण, वाकवून मोडायला सोपा. शेंगदाण्याची चिक्की दातांनी दाबून पाहा आणि हातांनी वाकवून पाहा. कॅनडातला जवळपास १३ किलोमीटरचा कॉन्फेडरेशन पूल १९९७ मध्ये खुला झाला, त्याच्या खांबांनाही असेच शंकू आहेत.

समुद्रतळावरून तेल नेणाऱ्या नळांची गोष्ट वेगळी. बर्फाच्या ढिगाची मुळी तळ खरवडत जाते, म्हणून नळ खोल पुरावे लागतात.

मासे धरणाऱ्यांचं काय होते?

भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मासेमारी करणारे ढिवर बांधव हे लगेच समजतील. २००९-१० च्या हिवाळ्यात बोहाय आणि पिवळ्या समुद्राच्या उत्तर भागात तीस वर्षांतला सगळ्यात वाईट बर्फ आला. मत्स्यशेतीचं दोन लाख हेक्टरच्या आसपास क्षेत्र सापडलं, हजारो होड्यांचं नुकसान झालं, आणि एकूण थेट नुकसान ६०० कोटी युआनच्या वर गेलं.

हा बर्फ मारतो कसा? एक तर तरंगते दोर, पिंपं, जाळी बर्फात धरली जातात आणि बर्फ भरती-ओहोटीबरोबर हलला की उपसली जातात. दुसरं, उथळ तळ्यावर जाड बर्फ आणि वर हिम बसलं की हवा आणि उजेड दोन्ही बंद. खालचा प्राणवायू संपतो. आपल्याकडे तलावावर जलपर्णी दाटली की मासळी मरते, जवळपास तसंच. तिसरं म्हणजे होडी काढताच येत नाही, माल जिवंत असला तरी बाजारात जात नाही. हातातलं पीक शेतात उभं आणि रस्ता बंद: हे दुःख कुणाला समजवावं लागत नाही.

पोरगं म्हणते, बर्फापरीस फवाऱ्याची भीती जास्त. हे काय?

बरोबर म्हणतं. हवा गोठवणारी, वारा जोराचा, आणि पाणी अजून न गोठलेलं. लाटेचा तुषार डेकवर, दोरांवर, रेलिंगवर उडतो आणि लागताक्षणी गोठतो. थरावर थर चढत जातात, तेही जहाजाच्या वरच्या अंगाला. वरून जड झालेलं जहाज मग साध्या लाटेनेही कलंडतं. कापसाची ट्रॉली उंच लादून बांधावरून काढा, कळेल. जानेवारी १९५५ मध्ये आइसलंडच्या उत्तरेला 'लोरेला' आणि 'रोडेरिगो' हे दोन ब्रिटिश मासेमारी ट्रॉलर असेच गेले. ४० माणसं गेली. उपाय जुनाच आहे: हातोडे, कुदळी, दांडके घेऊन बर्फ फोडत राहायचं, आणि जहाजाचा वेग व दिशा बदलून फवारा कमी करायचा. मुलाला फोनवर विचारलं तर म्हणाला, त्यांच्याकडे लाकडी हातोडे आहेत, अजून वापरावे लागलेले नाहीत.

टायटॅनिक याच बर्फाने बुडालं ना?

नाही. तो हिमनग. हिमनग जमिनीवरच्या हिमनदीचा तुटलेला तुकडा, गोड्या पाण्याचा. समुद्री बर्फ समुद्राच्याच पाण्याचा.

आइसब्रेकर बर्फ कापतो की जाळतो?

दोन्ही नाही. त्याचं नाक पुढे उताराचं असतं. इंजिनाच्या जोरावर ते बर्फावर चढतं आणि स्वतःच्या वजनाने बर्फ खाली दाबून मोडतं. वरच्या शंकूचीच युक्ती, फक्त उलटी. सोव्हिएत रशियाचा अणुशक्तीवर चालणारा 'आर्क्टिका' १७ ऑगस्ट १९७७ ला असाच बर्फ मोडत उत्तर ध्रुवावर पोचला. पाण्यावरून तिथे पोचलेलं ते पहिलं जहाज.

बर्फावरून गाड्या चालवतात म्हणे?

चालवतात. एस्टोनियात कडक हिवाळ्यात मुख्य भूमीपासून हिउमा बेटापर्यंत समुद्रावरून सुमारे २५ किलोमीटरचा सरकारी रस्ता सुरू होतो. त्याचे नियम मला फार आवडतात. सीटबेल्ट लावायचा नाही, कारण बर्फ फुटला तर लगेच बाहेर उडी मारता आली पाहिजे. आणि वेग एक तर २५ च्या खाली ठेवा किंवा ४० च्या वर. मधल्या वेगाने बर्फाखालच्या पाण्यात उठणारी लाट गाडीच्या वेगाशी जुळते आणि बर्फ फोडते. आमच्या एसटीच्या ड्रायव्हरला सांगितलं तर म्हणाला, आपल्या रस्त्यावर मधला वेग तरी कुठे मिळतो.

बर्फ त कमी होऊन राह्यला म्हणते, मंग बरंच हाय न?

कमी होतोय हे खरं. १९७९ पासून उपग्रहाने सलग मोजदाद आहे. उत्तर ध्रुवाकडे सप्टेंबर २०१२ मध्ये बर्फ जेमतेम ३४ लाख चौरस किलोमीटर उरला होता, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून किंचित जास्त. १९८१ ते २०१० चं त्या महिन्यातलं सरासरी किमान याच्या पावणेदोन ते दोनपट. मार्च २०२५ चं हिवाळी कमाल क्षेत्रही तोवरच्या उपग्रह-नोंदींतलं सगळ्यात कमी होतं. अंटार्क्टिकात फेब्रुवारी २०२३ ला सुमारे १८ लाख चौरस किलोमीटरचा नीचांक झाला.

पण बरं म्हणता येत नाही. अलास्कातलं शिशमरेफ गाव बेटावर आहे. पूर्वी हिवाळ्याच्या तोंडावरच्या वादळांच्या आधी किनाऱ्याला बर्फ धरायचा आणि लाटा अडवायचा. तो गावाचा धुरा होता. आता बर्फ उशिरा येतो, लाटा सरळ जमिनीवर, घरं कड्यावरून खाली. २०१६ मध्ये गावाने मतदान करून दुसरीकडे जायचं ठरवलं. अंटार्क्टिकाच्या बेलिंगशॉसेन समुद्रात २०२२ मध्ये पिल्लांना पोहण्याची पिसं यायच्या आधीच बर्फ फुटला आणि एम्परर पेंग्विनच्या पाचपैकी चार वसाहतींतली पिल्लं गेली.

आणि कमी झालेला बर्फ पातळ, सुटा, जास्त हलणारा असतो. उत्तरेचा समुद्रमार्ग मोकळा झाला म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये जहाजं गेली, बर्फ लवकर धरला, आणि रशियाच्या उत्तरेला वीसेक जहाजं अडकली. अंदाज चुकला की असं होतं. जून कोरडा जाईल असं धरून पेरणी थांबवणाऱ्यालाही हे ठाऊक आहे.

समुद्राचा बर्फ वितळला की मुंबई बुडेल?

तरंगता बर्फ वितळून पाणी जवळपास वाढत नाही. काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फाचा खडा टाका, जे सांडायचं ते आत्ताच सांडेल, वितळल्यावर नाही. जमिनीवरचा बर्फ, म्हणजे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा, त्याची गोष्ट वेगळी. तो समुद्रात आला की पाणी वाढतं.

आपल्या पावसाशी याचा काही संबंध हाय का?

२०२१ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मांडलं की उत्तरेच्या कारा समुद्रातला बर्फ उन्हाळ्यात कमी झाला की मध्य भारतात सप्टेंबरच्या शेवटाकडे अतिवृष्टीचे प्रसंग वाढण्याची शक्यता दिसते. म्हणजे आपल्याकडे सोयाबीन काढणीला आलेलं असतं तेव्हा. हा आकड्यांतला संबंध आहे, पक्कं कारण अजून सिद्ध झालेलं नाही. पानठेल्यावर 'फिनलंडच्या बर्फाने आमचं सोयाबीन नेलं' असं आता ऐकू येतं, ते माझ्या नावावर खपवू नये ही विनंती.

भारताचे लोक त्या बर्फात जातात का?

जातात. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ९ जानेवारी १९८२ ला तिथे उतरली. आज 'मैत्री' आणि 'भारती' हे संशोधन तळ अंटार्क्टिकात आणि 'हिमाद्री' नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये आहे. काम गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतं. जहाज काठापर्यंत कधी पोचेल ते दर वर्षी समुद्री बर्फ ठरवतो.

तिकडचा बर्फ कई वितळते मास्तर?

हा प्रश्न काकाजी दर दोन दिवसांनी विचारतात. आखाताचा पूर्वेकडचा भाग उशिरा मोकळा होतो, साधारण एप्रिलच्या शेवटापर्यंत. अजून उत्तरेला बोथनियाच्या उपसागरात मे महिन्यापर्यंत राहतो. मुलाचा करार एप्रिलच्या मध्यात संपतो, म्हणजे तो बर्फातूनच उतरेल. मी त्यांच्या मोबाइलवर त्या बंदराचं तापमान लावून दिलं आहे. तुरीच्या खळ्यावर बसून ते रोज पाहतात. काल म्हणाले, "उणे अकरा." मग जरा थांबून, "तो येईन तई इकडे किती राहीन?"

बेचाळीस तरी.